काळ्या पडद्यासमोरचे चार हजार प्रेक्षक

आमचा भडंगाचा व्यवसाय आहे. सांगली-जयसिंगपूर पट्ट्यात भडंग म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. वडिलांनी सुरू केलेले हे काम मी एकवीस वर्षे चालवतो आहे आणि उधारी, बुडीत वसुली, परत आलेले चेक हे सगळे माझे पाहून झालेले आहे. म्हणूनच 2,60,460 रुपयांना मी गंडलो, तेही स्वतःच्या हाताने एनईएफटी करून, हे लिहिताना मान खाली जाते. तरीही लिहितो, कारण ज्यांनी मला फसवले ते अजून बाजारात हिंडत आहेत.

मूळ कल्पना मूर्खपणाची होती असे मी आजही मानत नाही. टीव्हीवरची जाहिरात आमच्यासारख्याला झेपत नाही आणि जत्रेतल्या फलकाची पोहोच किती असते हे आम्ही जाणतो. उलट रात्री जागून मोबाइलवर बीजीएमआय हा गोळीबाराचा ऑनलाइन खेळ खेळणारी आणि दुसऱ्याचा खेळ तासन्‌तास पाहणारी मुले मी घरातच पाहत होतो. पबजीवर सप्टेंबर 2020 मध्ये बंदी आली, तिच्या जागी 2021 मध्ये बीजीएमआय आला, तोही 2022 मध्ये हटवला गेला आणि 2023 मध्ये परतला, पण मुलांचे जागरण काही थांबले नाही. जागणाऱ्याला काहीतरी चावायला लागते आणि आमची शंभर ग्रॅमची पिशवी त्यासाठीच असल्यासारखी आहे, हा हिशेब मी केला. एनर्जी ड्रिंकच्या मोठ्या कंपन्या हेच तर वर्षानुवर्षे करत आल्या आहेत.

गेल्या वर्षी पुण्याच्या एका एजन्सीचा माणूस दुकानात आला. बारा लाईव्ह स्ट्रीम, म्हणजे इंटरनेटवर थेट दाखवलेला खेळ, प्रत्येकी दोन तास, पडद्याच्या कोपऱ्यात आमचे बोधचिन्ह, दर अर्ध्या तासाला स्ट्रीमरच्या, म्हणजे खेळून दाखवणाऱ्याच्या तोंडून आमचे नाव आणि खरेदीसाठी सवलतीचा कोड, अशा पॅकेजचे 1,85,000 रुपये, वर अठरा टक्के जीएसटीचे 33,300, एकूण 2,18,300. निम्मे, म्हणजे 1,09,150 रुपये आधी. "सरासरी चार हजार माणसे एका वेळी बघत असतात, सर," असे सांगून त्याने स्ट्रीमरच्या आकडेवारीचे स्क्रीनशॉट दाखवले. स्क्रीनशॉट कोणीही रंगवू शकतो. स्ट्रीमरला समोर बसवून त्याच्या चॅनेलचा स्टुडिओ, म्हणजे आकडेवारीचे पान, त्याच्याच मोबाइलवर उघडायला लावा, प्रेक्षक कोणत्या भागातले आहेत आणि सरासरी किती मिनिटे थांबतात ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, आणि तो टाळाटाळ करू लागला तर चहा पाजून वाटेला लावा. मी चहा पाजला आणि पैसेही दिले.

आता त्या तिसऱ्या स्ट्रीमविषयी, कारण माझी खरी चीड तिथे आहे. रात्रीचे सव्वादहा झाले होते, मी आणि माझी चौदा वर्षांची मुलगी टीव्हीवर स्ट्रीम लावून बसलो होतो. अचानक स्ट्रीमरचे इंटरनेट गेले, पडदा काळा झाला, आवाज बंद. सुमारे चार मिनिटे काहीही दिसत नव्हते. या चार मिनिटांत प्रेक्षकांचा आकडा 4,130 आणि 4,170 यांच्या बाहेर गेला नाही आणि बाजूला चॅट धावतच होते: "ओपी भाई", "काय शॉट मारलास", "भडंग मागवले आजच". मुलगी म्हणाली, "पप्पा, पडदा तर काळा आहे, मग ही माणसं कुणाचा शॉट बघायला लागलीत?" मी तिला उत्तर दिले नाही. उद्या शाळा आहे, झोपायला जा, एवढेच म्हणालो. त्या मुलीने जे एका वाक्यात पकडले ते मी पाहूनही पाहिले नाही, कारण 1,09,150 रुपये गेलेल्या माणसाला ते चार हजार लोक खरे असणे गरजेचे वाटत होते. दुसऱ्याच दिवशी मी उरलेले 1,09,150 आणि "प्रेक्षक आणखी वाढवण्यासाठी" म्हणून मागितलेले 25,000, असे 1,34,150 रुपये भरले. हे वाक्य मी चार वेळा खोडून पुन्हा लिहिले आहे.

खऱ्या प्रेक्षकांचा आकडा सामन्यागणिक हलतो, खेळाडू मेला की माणसे निघून जातात आणि शेवटच्या वर्तुळात पुन्हा गोळा होतात. बॉटचा, म्हणजे संगणकाने चालवलेल्या खोट्या खात्यांचा आकडा तसा हलत नाही. हे सगळे मी नंतर शिकलो. खेळांचे स्ट्रीम दाखवणाऱ्या ट्विच या संकेतस्थळाने एप्रिल 2021 मध्ये अशी पंचाहत्तर लाखांहून अधिक खाती हुडकून काढली होती, म्हणजे रोग जुना आणि जगभरचा आहे, फक्त आमच्या गल्लीत तो पहिल्यांदा आला.

बारापैकी सातच स्ट्रीम झाले. सवलतीच्या कोडवर एकूण तीन मागण्या आल्या, त्यांतल्या दोन माझ्या मेहुण्याच्या. बक्षीस म्हणून 310 रुपयांचा एक असे चाळीस खोके विजेत्यांना पाठवायला सांगितले होते, त्याचे 12,400 आणि कुरिअरचे 4,760 वेगळे गेले. दिलेल्या चाळीस पत्त्यांपैकी सव्वीस एकाच वसाहतीतले होते. बिलावरचा जीएसटी क्रमांक आठ महिन्यांपूर्वीच रद्द झालेला होता, तो जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला असता तर अर्ध्या मिनिटात कळले असते. मी तो टाकला नाही, आमच्या सीएनी टाकला, तेव्हा 33,300 रुपयांचे क्रेडिट मिळणार नाही हे समजले. "प्रायोजित" असे स्ट्रीमवर लिहायचे नाही, नैसर्गिक वाटले पाहिजे, असे एजन्सीवाल्याने बजावले होते. जाहिरात आहे हे उघड सांगण्याचा नियम जाहिरात मानक परिषदेने 2021 मध्येच केला आहे, तेव्हा लपवायला सांगणाऱ्यापासून तिथेच उठून यावे.

स्ट्रीमर मुलगा एकवीस वर्षांचा. मी फोन केला तर म्हणाला, "काका, मला एका स्ट्रीमचे पाचशे मिळत होते, बाकीचं मला माहीत नाही." सात स्ट्रीमचे 3,500 रुपये. त्याच्यावर रागवायचेही धड जमले नाही.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, "शेठ, गेममध्ये किती हरला?" मी खेळलो नाही, जाहिरात दिली होती, हे पटवण्यात अर्धा तास गेला. मग हा व्यवहारातला वाद आहे, दिवाणी न्यायालयात जा, असे सांगण्यात आले. मी सायबर विभागात गेलो. तिथल्या साहेबांनी विचारले, "पण जाहिरात झाली ना? नाव घेतले ना त्याने?" घेतले होते, हे मला मान्य करावे लागले. पुरावा म्हणून व्हिडिओ "छापून आणा" असेही एकाने सांगितले. मी खरोखर बावीस पाने छापून नेली, तेव्हा इलेक्ट्रॉनिक पुराव्याला साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालचे प्रमाणपत्र हवे असते हे दुसऱ्याने सांगितले आणि तोवर चॅनेलवरून सगळे स्ट्रीम काढून टाकलेले होते. पहिल्या दिवसापासून स्वतः रेकॉर्डिंग करून ठेवा. आवक-जावकच्या खिडकीवर पाच खेपा झाल्या, प्रत्येक वेळी शिक्का मिळाला, एकदाही चौकशी झाली नाही. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत. ग्राहक आयोगाचा विचार केला, तर व्यापारी हेतूने घेतलेली सेवा 2019 च्या कायद्यातल्या ग्राहकाच्या व्याख्येत बसत नाही. स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेल्या वस्तूंना सवलत आहे, पण मी घेतली ती सेवा आणि माझ्याकडे अकरा कामगार आहेत, त्यामुळे ती मला धरता येईल का यावर वकिलांचे डोके हलते. कामगार ठेवले हा जणू माझा गुन्हा. पैसे गेल्याच्या पहिल्या काही तासांत सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकाला फोन करायचा असतो, मी एक्केचाळिसाव्या दिवशी केला. ही चूक माझी, ती मी दुसऱ्याच्या माथी मारत नाही. बाकीच्या खेपांचे काय, ते कोणी सांगावे?

गुन्हा नोंदवून घेत नसतील तर जिल्ह्याच्या अधीक्षकांना लेखी अर्ज द्यावा आणि तरीही हालचाल झाली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे, एवढी वाट कायद्यात आहे. मी अर्ज दिला आहे. वकिलांनी एजन्सीला पाठवलेली नोटीस मात्र "या पत्त्यावर सदर नावाचे कोणी राहत नाही" असा शेरा घेऊन परत आली.

गेल्या आठवड्यात कोल्हापूरच्या एका ओळखीच्या मसालेवाल्याचा फोन आला. त्याच्याकडे नव्या नावाच्या एजन्सीचे माहितीपत्रक आले होते आणि समाधानी ग्राहकांच्या रांगेत तिसऱ्या क्रमांकावर आमचे बोधचिन्ह होते. "तुम्हाला चांगला फायदा झाला म्हणे," तो म्हणाला, "मी निम्मे पैसे उद्या भरतो आहे."