सर्व्हिस सेट: इंटरफेस-स्टाइल की नेक्स्ट-हॉप-स्टाइल?

जुनिपरच्या एमएक्स राउटरमध्ये एमएस-एमपीसी हे सेवा चालवणारं कार्ड बसवलं की त्याच्या ४ प्रोसेसरांचे ४ इंटरफेस मिळतात. कार्ड स्लॉट २ मध्ये असेल तर पहिला एमएस-२/०/०. नॅट (आयपी पत्ते बदलणं) किंवा फायरवॉलसाठी ट्रॅफिक तिथपर्यंत न्यायचे मार्ग दोन.

इंटरफेस-स्टाइल सोपी. सर्व्हिस सेट (सेवेच्या नियमांचा संच) बनवा, ज्या पोर्टवर हवा तिथे इनपुट आणि आउटपुट अशा दोन्ही बाजूंना लावा, झालं. राउटिंगला हात लागत नाही. निवडक ट्रॅफिकच पाठवायचं असेल तर सर्व्हिस फिल्टर जोडता येतो. पण सेवा त्या पोर्टला बांधलेली राहते. परतीचं पॅकेट दुसऱ्या अपलिंकवरून (बाहेरच्या नेटवर्ककडे जाणाऱ्या जोडणीवरून) आलं आणि तिथे हा सेट नसेल, तर ते कार्डाला वळसा घालून जातं. मग सेशन अर्धवट राहतं आणि दोष शोधता शोधता दिवस जातो.

नेक्स्ट-हॉप-स्टाइलमध्ये सर्व्हिस इंटरफेसवर दोन युनिट (लॉजिकल उप-इंटरफेस) लागतात, समजा १ आणि २. एकावर सर्व्हिस-डोमेन इनसाइड, दुसऱ्यावर आउटसाइड. सर्व्हिस सेटमध्येही तीच जोडी त्याच क्रमाने द्यायची. हे नीट तपासाच. मग स्टॅटिक रूटचा (हाताने लिहिलेल्या मार्गाचा) नेक्स्ट-हॉप, म्हणजे पुढचा टप्पा म्हणून इनसाइड युनिट द्यायचं. मेहनत जास्त, पण पॅकेट कुठल्या पोर्टवरून आलं याने फरक पडत नाही, रूट ठरवतो. इनसाइड युनिट ग्राहकाच्या व्हीआरएफमध्ये (स्वतंत्र राउटिंग टेबलमध्ये) आणि आउटसाइड मुख्य टेबलमध्ये ठेवण्याची सोय तर फारच कामाची.

एकच अपलिंक असेल तर मी इंटरफेस-स्टाइलच सुचवेन. अपलिंक दोन झाले किंवा व्हीआरएफ आलं, की बेधडक दुसरी.