अपघाताच्या क्लेममध्ये एजंटने आमचे 4,88,000 खाल्ले, तुमच्याकडे असा माणूस आला तर आधी हे वाचा

लिहू की नको करत तीन महिने गेले. लाज वाटते. मी स्वतः ऑफिसात अकाउंट्स बघते, रोज चेक हातात असतात, आणि माझ्या डोळ्यांसमोर माझ्या धाकट्या भावाला लुटलं.

नोव्हेंबर 2023. भाऊ कंपनीत फिटर आहे, सेकंड शिफ्ट सुटून बाईकवर घरी येताना टेम्पोने मागून उडवला. उजव्या मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं, आत रॉड टाकला, हॉस्पिटलचं बिल 3,18,400. तिसऱ्या दिवशी वॉर्डमध्ये हा माणूस आला. भरपाईचा दावा लावून देतो म्हणणारे एजंट हॉस्पिटलात कसे फिरतात हे सगळ्यांना माहीत असतं, मलाही होतं. पण आम्हाला टेम्पोचा नंबरसुद्धा धड कळला नव्हता तेव्हा याच्या मोबाईलमध्ये टेम्पोच्या विमा पॉलिसीचा फोटो होता. तेव्हा वाटलं बापरे, किती कामाचा माणूस. आता वाटतं, तो फोटो याला दिला कोणी हेच आधी विचारायला हवं होतं.

आणि तो सगळंच खोटं बोलत नव्हता, हे लक्षात घ्या. म्हणाला, ताई, अपघातापासून सहा महिन्यांत दावा टाकला नाही तर केस मेली समजा. मुदतीचं खरं आहे, एप्रिल 2022 पासून कायद्यात तशी मुदत आली आहे. एका खऱ्या गोष्टीच्या मागे त्याने दहा खोट्या आत घुसवल्या. फी काय तर निकालानंतर 30 टक्के, आधी एक रुपया नको. वकील असं टक्क्यावर काम घेऊच शकत नाही, बार कौन्सिलचा नियम आहे, कोर्टातून मिळणाऱ्या पैशात वाटा ठरवायचा नाही. हे मला कधी कळलं? सगळं संपल्यावर.

'एक रुपया नको' म्हणणाऱ्याने नंतर काय काय नेलं ते लिहिते. फाइल खर्च 5,000. पोलिसांकडून कागद काढायला 8,000. कोर्ट फी म्हणून 12,500, पावती नाही. अपंगत्वाच्या दाखल्याचे 15,000. एकूण 40,500. आता ऐका, अपघाताचा पहिला रिपोर्ट 48 तासांत क्लेम ट्रिब्युनलला (अपघाताची भरपाई ठरवणारं कोर्ट) पाठवणं हे पोलिसांचंच काम आहे, सविस्तर रिपोर्ट 90 दिवसांत द्यायचा असतो, आणि जखमी माणसाला त्याचे हक्क सांगणारा फॉर्मही त्यांनीच द्यायचा असतो. आमच्या हातात असा कुठलाही फॉर्म कोणी दिला नाही. आणि दाखल्यासाठी सरकारी दवाखान्यात भाऊ कुबड्या घेऊन स्वतः रांगेत उभा होता, मग ते 15,000 कशाचे?

मग बँकेचं. नवीन खातं त्यानेच उघडून दिलं, मोबाईल नंबर त्याचा टाकला, कारण 'पेशंटला ओटीपीचा त्रास नको'. पासबुकही त्याच्याकडेच, 'कोर्टात लागतं'. आणि कोर्टाला कॅन्सल्ड चेक लागतात म्हणून तीन चेक, सही करून. कॅन्सल्ड चेकवर सही लागत नाही!! मला माहीत आहे हे, दर महिन्याला मी ऑफिसात हेच करते. पण त्या आठवड्यात भावाच्या जखमेला पू झाला होता, दुसरं ऑपरेशन होणार होतं, आई घरी रडत होती, मी रात्री वॉर्डमध्ये आणि दिवसा ऑफिसात. ज्यांनी हे भोगलंय त्यांना कळेल त्या दिवसांत डोकं कसं असतं.

पण लोकअदालतीच्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर होतं, म्हणूनच ते जास्त जिव्हारी लागतं. गेल्या सप्टेंबरमध्ये तडजोड ठरली. आम्हाला सांगितलं 2,75,000, विमा कंपनी याच्यावर जात नाही, घ्या नाहीतर पाच वर्षं चकरा मारा. आत टेबलावर तडजोडीची पुरसिस, म्हणजे कोर्टात द्यायचं लेखी निवेदन, भाऊ खुर्चीत, मी त्याच्या खांद्यामागे उभी. एजंटने कागद धरला होता आणि त्याचा डावा अंगठा बरोबर आकड्यावर. नखाला निळी शाई लागलेली होती, अजून दिसतं मला ते नख. भावाने सही केली तरी अंगठा हलला नाही, मग पान उलटलं, 'इथे पण', आणि तिथेही अंगठा परत रकमेवर. मी विचारलं, आकडा काय लिहिलाय बघू? म्हणाला, ताई, मागे लाईन लागलीय, साहेब बघतायत. आणि मी गप्प बसले. समोरच्या साहेबांनी विचारलं, रक्कम मान्य आहे ना? भाऊ हो म्हणाला. कोणती रक्कम, हे ना त्यांनी उच्चारलं ना आम्ही विचारलं. कागद खेचून घ्यायला दोन सेकंद लागले असते.

नोव्हेंबरमध्ये पैसे आले म्हणून भावाला बँकेत नेलं, बॅलन्स 2,75,000 दाखवला, त्यातून स्वतःचे 30 टक्के म्हणजे 82,500 रोख घेतले आणि कोरं पासबुक हातात दिलं, 'प्रिंटर बंद आहे, नंतर भरून घ्या'. डिसेंबरमध्ये मी भरायला गेले. जमा 6,40,000. दोन दिवसांनी खात्यातून वजा 3,65,000, आमच्याच चेकने, कधी नाव न ऐकलेल्या माणसाच्या खात्यात. मी तिथेच बाकावर बसले. मग मोबाईलवर ई-कोर्टमध्ये, म्हणजे कोर्टाच्या केसेस दाखवणाऱ्या सरकारी साइटवर, केस शोधली तर अवॉर्ड, म्हणजे मंजूर भरपाई, 6,40,000 चाच. दोन वर्षं हे सगळं फोनवर बघता आलं असतं, फक्त केसचा सीएनआर नंबर (अक्षरं आणि अंक मिळून सोळाचा) हवा होता आणि तो आम्ही कधी मागितलाच नाही.

हिशोब करा. 3,65,000 अधिक 82,500 अधिक 40,500. आमच्या वाट्याला 1,52,000, म्हणजे हॉस्पिटलचं निम्मं बिलसुद्धा नाही.

आता पुढचं ऐका, याने तर जास्त संताप येतो. पोलीस स्टेशनला गेलो, 'हे दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जा'. दुसऱ्यांदा गेलो, साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्यांदा, 'सही तुमचीच ना? मग?' बँकेचंही तेच, सही जुळली, चेक पास केला, आमची चूक नाही. चेकवरचं नाव आणि रक्कम वेगळ्या अक्षरात, वेगळ्या शाईत आहे म्हटलं तर म्हणे ते चालतं. खात्यावर मोबाईल नंबर परक्या माणसाचा कसा घेतला, याला उत्तर नाही. कोर्टाच्या ऑफिसात सांगितलं फाइल निकाली निघाली. वकीलपत्रावर ज्यांचं नाव आहे त्या वकिलांना आम्ही दोन वर्षांत दोनदा बघितलं, ते म्हणतात मी फक्त उभा राहिलो, पैशाचं मला माहीत नाही. बार कौन्सिलकडे तक्रार टाकली आहे, पण ती फक्त वकिलावर चालते, एजंट वकीलच नाही, त्याला कोण धरणार? एक जण विचारत नाही की टेम्पोच्या पॉलिसीचा फोटो या एजंटपर्यंत पोचला कसा. कोणालाच ते जाणून घ्यायचं नाहीये.

पोलीस एफआयआर घेत नसतील तर तोंडी भांडत बसू नका, आम्ही दीड महिना त्यात घालवला. लेखी तक्रार स्पीड पोस्टाने एसपींना पाठवा, पोचपावती जपा, तरी काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. आम्ही आता तोच केलाय, फसवणूक आणि विश्वासघात दोन्ही कलमं लावून.

कोऱ्या कागदावर सही नाही म्हणजे नाही, ऑपरेशन चालू असलं तरी नाही. खात्याला नंबर स्वतःचाच. वकिलाला स्वतः भेटा, त्याच्या ऑफिसात, एजंटला बाहेर ठेवून. आणि वकील परवडत नाही म्हणून एजंट धरू नका, जिल्हा कोर्टातच विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, 15100 वर फोन करा, बायका, अपंग, कारखान्यातले कामगार यांना उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो. माझा भाऊ कामगार आहे. त्याला पहिल्या दिवसापासून मिळाला असता.

अर्जाची पुढची तारीख 18 ला आहे. पायातला रॉड आता काढायचाय, डॉक्टरांनी 70,000 सांगितलेत, ते आम्ही याच पैशातून करणार होतो.