आग्नेय आशिया आणि ऑलिम्पिकचे क्विझ पॅक घेतले, त्याचा रिव्ह्यू (साडेतीन स्टार, का ते वाचा)

ॲपचं नाव लिहीत नाही कारण खाली थोड्या शिव्या पण घातल्यात. हे घेतलं ते दाजींच्या नादाने. ताई-दाजी सिंगापूरला असतात, रविवारी व्हिडिओ कॉलवर जेवलात का, पाऊस आहे का, एवढं झालं की पुढे काय बोलायचं हा प्रश्नच असतो, मग दाजींनी ही क्विझची टूम काढली. दोन पॅक आहेत, एक आग्नेय आशियाच्या भूगोलाचा आणि एक ऑलिम्पिकच्या इतिहासाचा. दोन्ही वेगवेगळे विकत घ्यावे लागतात, त्यावर खाली येतोच.

आधी भूगोल. सुरुवात नकाशावर देश ओळखण्यापासून होते आणि तिथेच माझी पहिली चिडचिड झाली, कारण मोबाईलवर सिंगापूरवर बोट ठेवायचं म्हणजे पोह्यातली मोहरी चिमटीत धरण्यासारखं आहे. झूम केलं तर नकाशा सरकतो, तोवर टायमर संपतो, आणि समोर दाजी त्याच सिंगापुरात बसून हसत असतात. ब्रुनेईचं तर विचारूच नका. एवढासा देश आणि तो पण दोन तुकड्यांत, मध्ये मलेशियाच्या सारावाकचा लिंबांग भाग घुसलाय. पूर्वी स्वतःच्याच देशातल्या तेंबुरोंगला रस्त्याने जायचं तर मलेशियातून जावं लागायचं, २०२० मध्ये खाडीवर सुमारे ३० किमीचा पूल बांधला तेव्हा ती कटकट संपली. हे ॲपमध्ये व्यवस्थित सांगितलंय, पण नकाशावर त्या पूर्वेच्या तुकड्याला टच केलं की उत्तर चूक धरतात! पूर्व तिमोरचं पण तेच. त्यांचा ओएकुसे नावाचा तुकडा इंडोनेशियाच्या पश्चिम तिमोरमध्ये एकटाच पडलाय, त्यावर बोट ठेवलं की लाल फुली. म्हणजे ज्याला जास्त माहिती आहे त्याचेच मार्क कापायचे.

पण लेव्हल तीनच्या पुढचे प्रश्न खरंच भारी आहेत. माझं म्हणणं असं की चांगला प्रश्न तो, ज्याचं उत्तर पाठ नसलं तरी डोकं खाजवून काढता येतं. उदा. कंबोडियातली कुठली नदी वर्षातून एकदा उलटी वाहते? मला अजिबात माहीत नव्हतं, पण विचार केला की पावसाळ्यात मोठी नदी फुगली की तिला मिळणाऱ्या लहान नदीत पाणी मागे सारणार, आपल्याकडे कृष्णा-कोयनेच्या काठच्यांना फुगवटा हा शब्द काही नवीन नाही. मग तोन्ले साप सापडली. मेकाँगला पूर आला की तिचं पाणी उलटं तोन्ले सापच्या तळ्यात शिरतं, तळं कितीतरी पट पसरतं, आणि पावसाळा सरला की पाणी परत फिरतं, त्या सुमाराला नॉम पेन्हला होड्यांच्या शर्यतींचा मोठा सण असतो. हे एका प्रश्नात शिकलो, शाळेत सहा वर्षं भूगोल होता तरी कुणी सांगितलं नव्हतं.

असाच एक, या भागातला सगळ्यात उंच डोंगर कुठला. मी किनाबालू ठोकलं (४०९५ मी.), दाजी जास्त हुशार, त्यांनी इंडोनेशियाच्या पापुआमधलं पुंचाक जाया सांगितलं (४८८४ मी.), आणि दोघंही आपटलो. बरोबर उत्तर होतं म्यानमारच्या उत्तरेकडचं ह्काकाबो राझी, ५८०० मीटरच्या वर. हिमालयाची शेपटी तिकडे उतरते हे डोक्यातच आलं नाही, आग्नेय आशिया म्हटलं की आपल्याला बीचच दिसतात ना. आणि निकोबारच्या टोकावरच्या इंदिरा पॉइंटपासून इंडोनेशियाचं पहिलं बेट साधारण कराड-पुणे एवढ्या अंतरावर आहे हे वाचून पोरगी म्हणाली, मग बाबा आपण गोव्याला का जातो? तिला म्हटलं आधी इंदिरा पॉइंटला पोचून दाखव.

चुका पण आहेत. आसियानमध्ये (आग्नेय आशियातल्या देशांची संघटना) देश किती, याला अजून १० हेच उत्तर धरतात. अहो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्व तिमोर ११ वा झाला की! पैसे घेताय तर वर्षातून एकदा प्रश्न तपासायला माणूस बसवा.

आता ऑलिम्पिक. मी भाषा मराठी निवडली आणि पश्चात्ताप झाला. भाषांतर मशीनने केलंय हे दुसऱ्याच प्रश्नात कळतं. '१०० मीटर फुलपाखरू कोणी जिंकले?' आमच्या हिला वाटलं बागेतला काहीतरी खेळ असेल. ते पोहण्यातलं बटरफ्लाय स्ट्रोक होतं. थायलंडला पहिलं गोल्ड १९९६ मध्ये सोमलुक कामसिंगने मिळवून दिलं, बॉक्सिंगच्या फेदरवेट गटात, तर इथे लिहिलंय 'पिसाच्या वजनात'. वेटलिफ्टिंगमधल्या क्लीन अँड जर्कचं 'साफ आणि धक्का'. हसून हसून पोट दुखलं, पण नंतर राग आला, बटरफ्लाय, फेदरवेट हे शब्द मराठी पेपरात रोज येतात, तसेच ठेवायचे ना. शेवटी भाषा इंग्लिश करून टाकली.

त्या फुलपाखराचाच प्रश्न मात्र मला सगळ्यात जास्त आवडला. रिओ २०१६, १०० मीटर बटरफ्लाय, सिंगापूरच्या जोसेफ स्कूलिंगने गोल्ड घेतलं, सिंगापूरचं पहिलंवहिलं, ५०.३९ सेकंद. मग ब्राँझ कोणाला? चार नावं दिलीत, त्यात फेल्प्स पण आहे. उत्तर आहे कोणालाच नाही! फेल्प्स, ले क्लो आणि चेह, तिघंही बरोब्बर ५१.१४ मध्ये आले, तिघांना सिल्व्हर, त्यामुळे ब्राँझ दिलंच नाही. दाजींना हे माहीत होतं, नसतं तर सिंगापूरने व्हिसा रद्द केला असता. मी मात्र ले क्लो सांगून मोकळा झालो होतो.

फिलिपिन्सची वेटलिफ्टर हिदिलिन दियाझचा प्रश्न पण छान मांडलाय. फिलिपिन्स पहिल्यांदा ऑलिम्पिकला गेलं १९२४ मध्ये आणि पहिलं गोल्ड आलं टोकियोला, जे २०२१ मध्ये झालं, म्हणजे ९७ वर्षं वाट बघितली. ही बाई कोविडमध्ये मलेशियात अडकली होती, काठीला पाण्याच्या बाटल्या लावून सराव करायची, आणि मग ५५ किलो गटात एकूण २२४ किलो उचलले. ज्या मलेशियात ती अडकली त्यांना पॅरिसपर्यंत एकही गोल्ड नाही, बॅडमिंटनमध्ये ली चोंग वेईने २००८, २०१२, २०१६ लागोपाठ तीन सिल्व्हर आणली पण गोल्डने हुलकावणीच दिली.

आता माझी मुख्य तक्रार. हे दोन पॅक वेगळे का विकता? ज्याने हे बनवलंय त्याच्या लक्षात आलेलं दिसत नाही की खरी मजा हे दोन विषय जिथे एकमेकांत घुसतात तिथे आहे. ऑलिम्पिक पॅकमध्ये एक प्रश्न आहे, सिंगापूरचे खेळाडू १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये कोणाकडून खेळले? ताई गेली चौदा वर्षं तिथे राहते, तिला पण आलं नाही. उत्तर मलेशिया, कारण सप्टेंबर १९६३ मध्ये सिंगापूर मलेशियात गेलं आणि ९ ऑगस्ट १९६५ ला बाहेर पडलं, बरोब्बर मध्ये ऑलिम्पिक आलं. ९ ऑगस्टला, म्हणजे सिंगापूरच्या राष्ट्रीय दिनाला, दर वर्षी ताई घरावरच्या विमानांचे व्हिडिओ पाठवते पण हा धागा कोणी जोडलाच नव्हता. किंवा सिडनी २००० घ्या, पूर्व तिमोरचे चार खेळाडू ऑलिम्पिकच्या झेंड्याखाली चालले कारण १९९९ ला सार्वमत होऊन इंडोनेशियापासून सुटले होते पण देश म्हणून स्वतंत्र व्हायला मे २००२ उजाडायचं होतं. कंबोडियाचं तर अजून वेगळं. १९५६ चं ऑलिम्पिक मेलबर्नला, पण ऑस्ट्रेलियाच्या प्राण्यांच्या क्वारंटाइनच्या नियमामुळे घोडेस्वारी जूनमध्ये स्टॉकहोमला घेतली. कंबोडियाचे घोडेस्वार तिथे खेळले, आणि नोव्हेंबरात मेलबर्नवर देशाचा बहिष्कार! तर मग ते त्या ऑलिम्पिकला गेले की नाही गेले? यावर आमच्याकडे पाऊण तास वाद झाला, भात करपला. असे प्रश्न दोन्ही पॅक मिळून मला सात-आठच सापडले, बाकी 'कुठल्या साली कुठल्या शहरात' छाप घोकंपट्टी, ती तर फुकट वेबसाइटवर पण मिळते.

जाहिराती नाहीत, ऑफलाइन चालतं, लाईट गेली तेव्हा उपयोग झाला. एका फोनवर चौघं खेळू शकतात पण टायमर बंद करता येत नाही, आईला चष्मा लावेपर्यंत प्रश्न पुढे जातो.

आणि एक प्रश्न, ज्याच्यासाठी अर्धा स्टार कापला. 'स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक कोणी जिंकलं?' मी कराडचा. डोळे झाकून उत्तर शोधायला गेलो तर चार पर्यायांत खाशाबा जाधवांचं नावच नाही, आणि बरोबर उत्तर म्हणून लिएंडर पेस, १९९६! पेसचं ब्राँझ मोठंच आहे पण ते दुसरं, त्याच्या ४४ वर्षं आधी १९५२ ला हेलसिंकीत गोळेश्वरच्या पैलवानाने कुस्तीत ब्राँझ आणलं होतं. तिथल्या तिथे रिपोर्टचं बटण दाबलं, सविस्तर लिहिलं, दाजींना आणि पोरीला पण रिपोर्ट करायला लावलं. दोन दिवसांनी धन्यवादाचा छापील मेल आला. परवा रविवारी मुद्दाम ती लेव्हल परत खेळलो तर उत्तर दुरुस्त करायचं सोडून त्यांनी प्रश्नच उडवलाय.