उन्हाळी सुट्टीत स्पॅनिश: सालामांका की ग्रानादा?

दिवाळी झाली की माझ्या शिकवणीतलं कुणी ना कुणी विचारतंच, "मॅडम, सुट्टीत स्पेनला जाऊन स्पॅनिश शिकायचं म्हणतोय. कुठं जाऊ?" कोल्हापूरच्या पोरांना स्पेनची ओढ असणारच. शाहू स्टेडियमवर पेठेच्या टीमसाठी घसा बसेपर्यंत ओरडणारी हीच पोरं रात्री बार्सिलोना-रेआल माद्रिदच्या मॅचसाठी जागत असतात. पण भाषा शिकायला या दोन्ही शहरांची नावं मी बाजूला ठेवते. बार्सिलोनात पाट्यांपासून शाळांपर्यंत कातालान भाषेचा वावर मोठा आहे, आणि माद्रिदला राहणं विद्यार्थ्याच्या खिशाला जड जातं. उरतात सालामांका आणि ग्रानादा. दोन्ही विद्यापीठांची गावं, दोन्हीकडे परदेशी विद्यार्थ्यांना स्पॅनिश शिकवण्याची जुनी, भक्कम व्यवस्था.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. स्पॅनिशचा गंध नसेल तर यंदा कुठंच जाऊ नका. आठवड्याला वीस तासांचा वर्ग धरला तर चार आठवड्यांत ऐंशी तास होतात, म्हणजे साधारण एक पातळी. आकडे, वार आणि वर्तमानकाळातली क्रियापदं शिकायला युरो कशाला मोजायचे? पहिली पातळी, म्हणजे ए-वन, इथूनच ऑनलाइन करा, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला करा, नाहीतर दिल्लीच्या इन्स्टिट्यूटो सेर्व्हान्तेसमध्ये. मग गेलात तर तिथला प्रत्येक दिवस कामी येतो.

सालामांकाचं विद्यापीठ 1218 सालचं, स्पेनमधलं सर्वांत जुनं. आंतोनियो दे नेब्रिहा या पंडितानं कास्तियन, म्हणजे आज आपण जिला स्पॅनिश म्हणतो त्या भाषेचं पहिलं व्याकरण 1492 मध्ये इथंच छापलं. त्याच वर्षाच्या जानेवारीत ग्रानादा पडलं आणि स्पेनमधली शेवटची मुस्लिम सत्ता संपली. एकाच वर्षानं या दोन गावांना दोन वेगळ्या ओळखी दिल्या, आणि त्या आजही तिथं राहणाऱ्याला जाणवतात. सालामांकात गेलात की भाषेच्या घरी आल्यासारखं वाटतं. ग्रानादात एकावर एक चढलेल्या संस्कृतींचे थर दिसतात.

निवड करताना सगळ्यात जास्त विचार कानाचा करा. सालामांकातले लोक शब्द शेवटपर्यंत उच्चारतात, 'स' गिळत नाहीत. पुस्तकात शिकलेलं वाक्य दुकानदाराच्या तोंडून जसंच्या तसं ऐकू येतं आणि नवशिक्याला धीर येतो. ग्रानादात 'लोस निन्योस'चं 'लो निन्यो' होतं, 'मास ओ मेनोस'मधले 'स' हवेत विरतात. पुण्यात प्रमाण मराठी शिकून आलेल्या परदेशी माणसाला मंगळवार पेठेत कुणी "काय करालायस?" विचारलं, तर त्याचं जे होईल तेच तुमचं तिथं होतं. यात ग्रानादाची भाषा अशुद्ध वगैरे अजिबात नाही. उलट क्यूबा आणि आसपासच्या देशांतली स्पॅनिश या आंदालुसियन, म्हणजे दक्षिण स्पेनच्या वळणाला बरीच जवळची आहे. पुढे लॅटिन अमेरिकेतल्या ग्राहकांशी बोलण्याची नोकरी करायची असेल, तर हा सराव सोन्यासारखा आहे. मात्र तो बी-वन, म्हणजे तिसरी पातळी झाल्यावर. नुसती दुसरी, ए-टू झालेल्या मुलाला मी डोळे झाकून सालामांका सांगते.

संस्कृतीच्या बाबतीत मात्र माझं मन ग्रानादाकडे झुकतं. आलाम्ब्रा या मुस्लिम राजांच्या किल्ला-महालाच्या भिंतींवरची अरबी अक्षरं, समोरच्या टेकडीवर आल्बायसिनच्या पांढऱ्या गल्ल्या, मागे मे महिन्यातही बर्फ मिरवणारी सिएरा नेवादा. साक्रोमोन्तेच्या गुहांमध्ये हितानो, म्हणजे स्पेनमधल्या रोमानी लोकांचा साम्ब्रा नाच चालतो. त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून निघाले आणि रोमानी भाषा मराठीसारखीच भारतीय-आर्य कुळातली आहे, हे माहीत असलं की त्या गुहेत बसून ऐकताना अंगावर काटा येतो. कवी फेदेरिको गार्सिया लोर्का याच भागातला, 1898 साली फुएन्ते वाकेरोसला जन्मलेला. यापुढे सालामांकाचं वैभव शांत वाटतं: मावळतीला सोनेरी होणारा बिय्यामायोरचा दगड, प्लासा मायोर या मुख्य चौकातल्या संध्याकाळच्या गप्पा, विद्यापीठाच्या दर्शनी भिंतीवर कवटीवर बसलेला बेडूक शोधणारी पोरं.

राहायचं कुठं, यावर माझं मत ठाम आहे: गाव कुठलंही निवडा, पण कुटुंबात राहा. वसतिगृहात चार देशांची मुलं एकत्र आली की इंग्रजीच चालते. मी सालामांकात ज्यांच्याकडे राहिले त्या आजी रात्री साडेनऊला जेवायला बसवायच्या. टीव्हीवर बातम्या चालू असायच्या आणि माझं भूतकाळाचं क्रियापद चुकलं की त्या पाव तोडता तोडता बरोबर रूप म्हणून दाखवायच्या. मी ते पुन्हा म्हटल्याशिवाय पावाची टोपली पुढे सरकायची नाही. वर्गात जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते त्या टेबलावर पक्कं झालं.

शाकाहारी असाल तर फॉर्म भरतानाच स्पष्ट लिहा: मांस नाही, हॅम नाही, मासे नाहीत. नुसतं मांस नको म्हटलं तर सॅलडवर हमखास टूना येतो. ग्रानादात पेय मागवलं की सोबत छोटी बशी फुकट मिळते, ही चैन खरी, पण त्यात बऱ्याचदा हॅमच असतं, म्हणून आधीच विचारा. तिथली मध घातलेली तळलेली वांगी मात्र चुकवू नका. सालामांकात खाण्यावर मांसाचा पगडा जास्त आहे. अंडं चालत असेल तर बटाट्याची तोर्तिया, म्हणजे जाडसर ऑम्लेट, दोन्हीकडे तारून नेते.

महिन्याचा प्रश्न जवळजवळ गावाइतकाच मोठा आहे. स्पेनमधले उन्हाळी वर्ग जुलै-ऑगस्टला भरात असतात, पण तेव्हा आपली कॉलेजं सुरू झालेली असतात. हे आपल्या पथ्यावरच पडतं. मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत जा. सालामांकातली स्पॅनिश मुलं तेव्हा परीक्षांसाठी गावातच असतात. जुलैत ती घरी जातात आणि गल्ल्या परदेशी गटांनी भरतात. ग्रानादात जुलैला पारा सहज पस्तिशीपार जातो आणि दुपारी गाव दारं लावून घेतं. मेमध्ये हवा छान असते, फक्त सालामांका सुमारे 800 मीटर उंचीवर असल्यानं रात्री स्वेटर लागतो. माद्रिदहून सालामांका बसनं अडीच तासांवर आहे. ग्रानादा बरंच लांब आहे, तिकडे रेल्वेनं जा.

खर्चात तिकीट, फी आणि राहणं हे मोठे आकडे दोन्ही गावांना सारखेच लागू आहेत, त्यामुळे त्यावरून गाव ठरवू नका. नव्वद दिवसांच्या आतल्या मुक्कामाला शेंगेन व्हिसा पुरतो. त्याची फी 90 युरो, आणि किमान 30,000 युरोंचा प्रवास विमा सक्तीचा. दिवसाला शंभर युरोंहून जास्त रक्कम खात्यात दाखवावी लागते, म्हणून घरच्यांच्या बँक स्टेटमेंटची तयारी आधीपासून करा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मार्च-एप्रिलमध्ये तारखा मिळायची मारामार असते, तेव्हा फेब्रुवारीतच रात्रीची महालक्ष्मी पकडून मुंबईला बोटांचे ठसे देऊन या. आणि ग्रानादा ठरलं असेल तर आलाम्ब्राचं तिकीट व्हिसा हातात पडल्या दिवशीच काढा. त्यातल्या नासरी राजांच्या महालांत वेळ ठरवूनच सोडतात आणि त्या वेळा कित्येक आठवडे आधी संपतात.