गिनी फाउल घ्यायचे असतील तर नर-मादी ओळखून देणारा हा फार्म

इंदूरच्या सांवेर रोडच्या ह्या फार्मवरून मी दिवाळीनंतर 8 गिनी फाउल (कोंबडीसारखे ठिपकेदार पाळीव पक्षी) घेतले, आता रंगपंचमीही झाली म्हणून सगळं बघूनच लिहितोय. आधीचा अनुभव वाईट होता, दोन वर्षांपूर्वी एका ठिकाणी महिन्याभराची 6 पिल्लं "3 जोड्या" म्हणून घेतली आणि मोठी झाल्यावर कळलं की 5 नर आणि मादी एकच, बिचारीला दिवसभर नुसते पळवायचे, शेवटी ती आजारी पडून गेली. आईला तेव्हा फार वाईट वाटलं होतं. खंडवा रोडच्या आमच्या प्लॉटवर कुत्र्याला गोचीड फार होतात आणि पावसाळ्यात साप निघतात, हे पक्षी गोचीड-किडे वेचून खातात आणि काही दिसलं की आरडाओरडा करतात, म्हणून परत घ्यायचेच होते.

इथल्या काकांनी पहिल्यांदाच स्पष्ट सांगितलं, "तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू नर की मादी ते मी नुसतं बघून सांगणार नाही, कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका." मग शेडजवळ उभं केलं आणि म्हणाले, नुसतं ऐका. एक पक्षी त्यांनी जाळीबाहेर एकटा ठेवला, दोन मिनिटं तो इकडेतिकडे धावला आणि मग सुरू झाला, बक्-व्हीट, बक्-व्हीट, दुसरा सूर असा वर चढलेला. ही मादी. नर कधीच असा दोन तुकड्यांत ओरडत नाही, त्याचं आपलं एकच ची-ची-ची. पण घाबरली की मादीही तसंच ची-ची करते, त्यामुळे तेवढं ऐकून नर ठरवायचा नाही, बराच वेळ थांबायचं. माझी मागची चूक इथे कळली, मी आवाज कधी ऐकलेच नव्हते, फक्त रंग आणि आकार बघत बसलो होतो, आणि रंगावरून तर काहीच कळत नाही, दोघांच्या अंगावर तेच पांढरे ठिपके.

दुसरी खूण चोचीखालच्या लाल लोंबत्या कातडीची. काकांनी दोन पक्षी शेजारी धरून दाखवले, नराची मोठी, जाड आणि कडा वाटीसारख्या आत वळलेल्या, मादीची लहान आणि चपटी. डोक्यावरचं शिंगासारखं टोपरंही नराचं मोठं. पण हे वयात आल्यावरच नीट दिसतं आणि एखादी मादीही थोराड निघते, म्हणून ते आवाज ऐकल्याशिवाय पायात रिंग घालत नाहीत. माद्यांना पिवळी, नरांना निळी.

मी 6 माद्या आणि 2 नर घेतले. घरी आल्यावर एक पिवळी रिंगवाली कधीच बक्-व्हीट करेना, पंधरा दिवस वाट बघून फोन केला तर काही वाद न घालता बदलून दिली. पहिलं अंडं रंगपंचमीच्या आदल्या दिवशी घाणेरीच्या झुडपाखाली सापडलं, लहानसं, फिकट बदामी, आणि टरफल इतकं टणक की आईला वाटीच्या काठावर तीनदा आपटावं लागलं.

तक्रार दोनच, दुपारी फोन उचलत नाहीत आणि खोके फार लहान देतात, आपली मोठी टोपली न्या. स्वच्छता मात्र छान, पिल्लांच्या पाण्याच्या ताटल्यांत खडे टाकून ठेवलेत म्हणजे ती बुडत नाहीत. जाणार असाल तर संध्याकाळी जा, दांडीवर चढायच्या आधी सगळे ओरडतात, आणि रिंग असली तरी प्रत्येक मादीचा आवाज स्वतः ऐकून घ्या, काका ऐकू देतात, घाई करत नाहीत.