ट्रेलरवर एका रात्रीपुरती बॅटरी: लेड-ॲसिड की लिथियम?

पेडण्याच्या भाच्याने विचारलंय: ट्रेलर घेऊन सांग्याला एक रात्र राहायचंय, बॅटरी कुठली घेऊ?

आधी गरज मोजू. २५ वॅटचा डीसी पंखा ८ तास म्हणजे २०० वॅट-तास. दिवे आणि मोबाईल धरून २७०. गोव्याच्या उकाड्यात पंख्याला पर्याय नाही.

लेड-ॲसिड अर्ध्याखाली उतरवली की लवकर मरते, म्हणून १२ व्होल्टची ५० अँपिअर-तासांची (म्हणजे ६०० वॅट-तासांची) लागेल. लिथियम आयर्न फॉस्फेट जवळजवळ पूर्ण उतरवता येते, म्हणून ३० मध्ये भागते, वजनही निम्म्याहून कमी.

किमतीत लेड-ॲसिड स्वस्त, साधा चार्जरही चालतो. लिथियमला तिचाच चार्जर हवा, पण ती कितीतरी जास्त वेळा भरता येते.

खरा प्रश्न पावसाळ्याचा. चार महिने ट्रेलर उभा. लेड-ॲसिड दर महिन्याला भरली नाही तर आतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर धरून बाद होते. लिथियम अर्धी भरून ठेवली की निवांत. खाऱ्या हवेसाठी टर्मिनलला व्हॅसलिन दोन्हींना लावायचंच.

आणि बाबा, पाण्याची लेड-ॲसिड झोपायच्या जागेत कधीच ठेवू नकोस. चार्ज होताना हायड्रोजन सुटतो.

वर्षातून दोन-तीनदा जाणार आणि घरी आठवणीने चार्ज करणार, तर लेड-ॲसिड पुरे. दर शनिवारी निघणार असशील, तर लिथियमच घे.