वाईन टूरचं गाइडबुक, वर्षभर वापरून: मजकूर पास, बाइंडिंग नापास

पान ९७ ते ११२ सध्या रबरबँडमध्ये आहेत. त्या सोळा पानांत नाशिकजवळची दिंडोरी आहे, आणि दिंडोरीसाठीच मी हे पुस्तक घेतलं होतं. किंमत १,४९५ रुपये, सवलत शून्य, वर कुरिअरचे वेगळे. भारतातल्या वाईन-प्रदेशांचं इंग्रजी गाइड, गुळगुळीत कागद, रंगीत फोटो, शेवटी हॉटेलांच्या पानभर जाहिराती. प्रकाशकाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण इथे जे लिहितेय ते या प्रकारच्या निम्म्या पुस्तकांना लागू पडेल.

आम्ही ठाण्यात पाचपाखाडीला राहतो, दीर-जाऊ नेरुळला. नवरा गाडी चालवतो, म्हणून तो चाखत नाही. ते खातं माझ्याकडे आणि जाऊबाईंकडे. पुस्तक कायम गाडीत, डॅशबोर्डवर किंवा मागच्या काचेपाशी. म्हणजे गाइडबुक जिथे असायला हवं तिथेच.

एप्रिलच्या उन्हात एकदा माजिवड्याच्या सिग्नलला मी नकाशा उघडला आणि पाठीतून ‘टक्’ असा आवाज आला. घोटीपर्यंत पानं मांडीवर. जांभळी नाक्याजवळ एक बाइंडर काका आहेत, मुलांच्या प्रोजेक्टपासून आमच्या सोसायटीच्या हिशोबवह्यांपर्यंत सगळं त्यांच्याकडेच जातं. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, पाठ अंगठ्याने दाबली आणि वाळलेल्या गोंदाचा पिवळट पापुद्रा नखाने अख्खा उचलून दाखवला. खाली कागद कोरा करकरीत, जणू गोंद कधी लागलाच नव्हता.

‘‘ताई, आर्ट पेपर आहे हा. वर कोटिंग असतं, गोंद आत शिरत नाही. त्यात परफेक्ट बाइंडिंग. फर्म्याची, म्हणजे घडी घातलेल्या पानांच्या गठ्ठ्याची, पाठ मशिनवर कापून टाकतात, मग प्रत्येक पान एकेकटं, फक्त गोंदावर लटकलेलं. गाडीत ठेवता का?’’

‘‘हो.’’

‘‘मग काय! उन्हात मऊ होतो, एसीत कडक होतो. किती दिवस टिकणार?’’

जुज, म्हणजे हे फर्मे, शिवून मग पाठ चिकटवली असती तर हे झालं नसतं. त्यांच्या अंदाजाने एका प्रतीमागे वीस-तीस रुपयांचा फरक. चौदाशे पंच्याण्णवच्या पुस्तकात वीस-तीस रुपये! मी घरी येऊन कपाटातली सगळी पुस्तकं उलटून पाठी तपासल्या. नवऱ्याने तेव्हापासून या विषयावर माझ्याशी बोलणं सोडलंय.

प्रकाशकाला मेल केला, फोटो जोडले. उत्तर आलं की बदली फक्त खरेदीपासून दहा दिवसांत. मी विचारलं, दहा दिवसांत कोण प्रवास करून येतं? त्यावर ई-बुक देऊ केलं. कसारा घाटात रेंज जाते म्हणून तर मी कागदी पुस्तक घेतलं. ई-बुक डाउनलोड करून ठेवता येतं हे मला माहीत आहे. पण पैसे छापील पुस्तकाचे दिलेत, फाइलचे नाही. शेवटी फोनवर एक मुलगी भेटली, आवाज गोड, म्हणाली, ‘‘मॅडम, तसं बघितलं तर हे टेबलवर ठेवून वाचायचं पुस्तक आहे.’’

इथे माझं डोकं फिरलं. गाइडबुक आणि गाडी यांचं नातं जुनं. मिशेलिन या टायर कंपनीने १९०० साली फ्रान्समध्ये आपलं पहिलं गाइड मोटारवाल्यांना फुकट वाटलं; लोक जास्त हिंडतील, टायर झिजतील, असा साधा हिशोब. पैसे घ्यायला लागले ते १९२० पासून. मी हे तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘‘ओके मॅडम, मी पुढे कळवते.’’ अजून कळवतेय.

बाइंडिंगचा दुसरा गुन्हा नकाशाचा. पुस्तकाच्या सुरुवातीला युरोपातल्या वाईन रस्त्यांची हौसेने ओळख करून दिलीय. जर्मनीचा १९३५ सालचा, ८५ किलोमीटरचा, फ्रान्समधल्या अल्सासचा १९५३ सालचा, साधारण १७० किलोमीटरचा. तिकडे पाट्या लागलेल्या आहेत, रस्ता धरला की गावामागून गाव येत जातं. नाशिकचं तसं नाही. सुला, यॉर्क, सोमा हा वायनरींचा एक घोळका गंगापूर रोडच्या अंगाला, धरणाच्या आसपास. शँडन उत्तरेला दिंडोरीकडे. ग्रोव्हर झॅम्पा आणि वॅलोने पार नैर्ऋत्येला, इगतपुरी तालुक्यात संजेगाव-कावनईच्या बाजूला. विंचूरचा वाईन पार्क पूर्वेला, निफाडच्या पुढे येवल्याच्या वाटेवर. चार दिशांना चार तोंडं. म्हणजे सगळी भिस्त नकाशावर. आणि नकाशा छापलाय दोन पानांवर आडवा, मधोमध नाशिक शहर. आता नाशिकच्या डोक्यावर काय येतं? दिंडोरी. दोन्ही बरोबर पाठीच्या खाचेत! पुस्तक पुरतं उघडल्याशिवाय दिंडोरी दिसत नाही, आणि पुरतं उघडलं की पाठ तुटते. हा नकाशा कुणी मांडला त्याने पुस्तक एकदा तरी हातात धरून बघितलं होतं का?

सहलीचा आराखडाही ओझर विमानतळावर उतरणाऱ्यासाठी आखलेला. पहिला दिवस गंगापूर रोड, दुसरा दिंडोरी, तिसऱ्या दिवशी संजेगाव. आपण ठाण्याहून निघालो की भिवंडी बायपास, पडघा, शहापूर, कसारा, इगतपुरी, घोटी. संजेगावचा फाटा आपल्याला नाशिकच्या आधी लागतो! तिसऱ्या दिवशी तिकडे कशाला परत जायचं? आम्ही क्रम उलटा केला. जाताना संजेगाव, मुकणे धरणाच्या पाण्याकडे बघत दुपारचं जेवण, मग नाशिक मुक्काम. एका दिवसात परत यायचं असेल तर संजेगावच बरं, त्यापुढे जायची हावच धरू नये. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा शेवटचा तुकडा जून २०२५ मध्ये सुरू झाला, जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्यासकट. तो पुस्तकात नाही. छापलं तेव्हा नव्हता, त्याचा दोष देत नाही. आमणेपर्यंत पोहोचताना माजिवडा-वडपे पट्ट्यात ट्रॅफिकचं जे होतं ते मात्र कुठलंच गाइड सांगत नाही. रेल्वेचं पानही असंच बाहेरून येणाऱ्याच्या नजरेचं. पंचवटी एक्सप्रेसची स्तुती केलीय, पण ती सकाळी नाशिकहून मुंबईला येते आणि संध्याकाळी परत जाते. नाशिककरांची गाडी आहे ती. ठाणेकराने सकाळची तपोवन धरावी.

इथपर्यंत लिहून दोन स्टार देऊन मोकळी होणार होते. मग ऑक्टोबरमध्ये पुन्हा जाणं झालं, आणि पुस्तकातलं एक प्रकरण, जे मी आतापर्यंत फोटो बघत उलटलं होतं, ते हॉटेलवर बसून नीट वाचलं. द्राक्षवेलीचं वर्ष. हे प्रकरण ज्याने लिहिलंय त्याने बागेत उन्हात उभं राहून लिहिलंय.

युरोपात वेल हिवाळ्यात झोपते आणि तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास. आपल्याकडे ती झोपतच नाही, म्हणून माणसाने तिला वळण लावायचं. दोन छाटण्या, पीक एक. एप्रिलमध्ये खरड छाटणी, त्यातून काड्या तयार होतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, तिच्यातून घड. वाईनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्च. म्हणजे जी मंडळी जुलैमध्ये पाऊस बघायला आणि कांदाभजी खायला जातात आणि परत येऊन ‘एक द्राक्ष दिसलं नाही’ म्हणतात, त्यांना द्राक्ष दिसणारच नव्हतं. पुस्तकाने हे स्वच्छ लिहिलंय: पावसाळ्यात हिरवळ बघायला या, घड बघायला येऊ नका, एप्रिल-मेमध्ये बोडक्या वेली बघायची हौस असेल तरच या. गाइडबुकवाला ‘येऊ नका’ लिहितो, हे मी पहिल्यांदा वाचलं. त्याच पुस्तकात मागे हॉटेलांच्या जाहिराती असताना.

दुसऱ्या दिवशी दिंडोरीच्या रस्त्याला एका बागेत गोडी छाटणी झालेली होती. पानं नाहीत, नुसत्या काड्या. बायका हातमोजे घालून, डब्यात फडकं बुडवून, काडीच्या एकेका डोळ्यावर, म्हणजे जिथून कोंब फुटतो तिथे, गुलाबी पेस्ट लावत चालल्या होत्या. पुस्तकात त्याचं कारण आहे: हायड्रोजन सायनामाइड, सगळे डोळे एकदम फुटावेत म्हणून. औषध जहाल, म्हणून हातमोजे. मी गाडी थांबवायला लावली. एक मावशी म्हणाल्या, ‘‘लांबूनच बघा ताई, अंगाला लागलं तर आग होती.’’ त्यांनी न बघता पुढचा डोळा पुसला. हात थांबलाच नाही.

त्याच प्रकरणात एक चौकट आहे, तिने आमचा प्रवासच बदलला. बाग मांडवाची असेल, म्हणजे वेली डोक्यावर पसरलेल्या आणि घड खाली लोंबणारे, तर ती बहुधा खायच्या द्राक्षांची. तारांवर उभ्या कुंपणासारख्या सरळ रांगा असतील, तर बहुधा वाईनची. खायचं द्राक्ष मोठं, पातळ सालीचं, बिनबियांचं लागतं. वाईनचं लहान, जाड सालीचं, बीवालं. रंग आणि तुरटपणा सालीतूनच येतो. आता भाचा आणि जाऊबाई खिडकीतून ‘मांडव!’ ‘तार!’ ओरडत असतात. भाचा वीस वर्षांचा, वाईनचं वय महाराष्ट्रात एकवीस, तेव्हा त्याला खेळण्याशिवाय दुसरं काम नाही.

रस्त्यात मांडवच जास्त दिसतात. ते का, याचंही उत्तर आहे, फक्त ते वेगळ्या प्रकरणात आहे आणि जोडून कुणी दिलेलं नाही. सुलाची पहिली वाईन २००० साली बाजारात आली. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष-प्रक्रिया धोरण आणलं, विंचूर आणि सांगलीतल्या पलूसला वाईन पार्क काढले, शेतकऱ्यांनी भराभर वाईनच्या जाती लावल्या. मग २००८ ची मंदी आणि २६/११. हॉटेलं ओस, वाईन टाक्यांत पडून, आणि बऱ्याच जणांनी त्या वेली उपटून पुन्हा खायची द्राक्षं लावली. नारायणगावच्या शॅतो इंडाजवर दोन पानं आहेत, ऐंशीच्या दशकात शामराव चौगुल्यांनी स्पार्कलिंग वाईन परदेशी पाठवली तिथपासून ती कंपनी बुडेपर्यंत. जिथे आज जाऊन बघण्यासारखं काही नाही तिथे दोन पानं खर्च करणारा लेखक मला आवडला. यॉर्क २०२१ मध्ये सुलाकडे गेली, ग्रोव्हर आणि झॅम्पा २०१२ मध्ये एकत्र आल्या, या नोंदीही चोख.

चाखण्याचे दर आणि टूरच्या वेळा मात्र छापायलाच नको होत्या. छापून पुस्तक दुकानात येईपर्यंत त्या शिळ्या होतात, आमच्या पहिल्याच फेरीत झालेल्या होत्या. ड्राय डेचा तक्ता तर कहर. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर ठीक. पण आषाढी एकादशी आणि अनंत चतुर्दशीला इंग्रजी तारखा छापल्यात! त्या एका वर्षापुरत्या. अरे, तिथी छाप, आम्ही भिंतीवरच्या कालनिर्णयात बघून घेऊ.

तर सुधारित निकाल साडेतीन स्टार. मजकुराला साडेचार, बाइंडिंगला अर्धा, आणि बेरीज-भागाकार कसा केला ते विचारू नका. बाइंडर काका शिवायचा प्रयत्न करतो म्हणाले, पण पाठ कापलेली असल्याने कडेने टाके घालावे लागतील आणि मग नकाशा आणखी आत जाईल. वायरो, म्हणजे तारेच्या कड्यांचं बाइंडिंग, केलं तर पुस्तक सपाट उघडेल, फक्त भोकं पडतील ती नेमकी दिंडोरीवर. वायरोचे ते सव्वाशे रुपये मागतात. माझं अजून ठरत नाहीये.

नवीन आवृत्ती येतेय म्हणे. नकाशा वेगळ्या घडीच्या कागदावर दिला असेल आणि पुस्तक शिवलेलं असेल तर घ्या, तेही हजाराच्या आत मिळालं तर. सध्याची आवृत्ती घेतलीत तर गाडीत ठेवू नका. छाटणीच्या प्रकरणाची झेरॉक्स काढून तेवढी बरोबर न्या. माझी प्रत मागू नका. ती जाऊबाईंकडे आहे, आणि नेरुळला गेलेली वस्तू ठाण्याला परत आल्याचं मी लग्नापासून पाहिलेलं नाही.